कोकणातील अपरिचित गोष्टी: प्रश्नमंजुषेत काय घ्यावे आणि काय गाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातील वाचनालयाच्या प्रश्नमंजुषेसाठी कोकणाचा इतिहास, साहित्य आणि लोकप्रिय संस्कृती यांतील फारशा ठाऊक नसलेल्या, चमत्कारिक वाटाव्यात पण पूर्णपणे खऱ्या असाव्यात अशा गोष्टी हव्या आहेत, आणि त्यांत ‘हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावर लागला’ हा प्रश्न ठेवावा की नाही, याबद्दल मंडळात दोन तट पडले आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालयांसाठी अशा प्रश्नपत्रिका काढण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे आधी वादाचा मुद्दा घेतो आणि मग माझ्या संग्रहातील काही गोष्टी देतो.

हेलियमचा प्रश्न त्या शब्दांत ठेवू नये. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, हे खरे आहे. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ प्येर जान्सेन हा आंध्रातील गुंटूर येथे वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे यंत्र) लावून बसला होता आणि सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्याने तेथून तपासला. ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते, तो त्या दिवशी भारतात नव्हताच. त्याने आपले निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच केले. ग्रहणाशिवायही या ज्वाला पाहता येतात हे दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले होते. दोघांची पत्रे फ्रेंच विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली आणि पुढे फ्रान्सच्या सरकारने दोघांचे चेहरे एकत्र कोरलेले पदक काढले. या ज्वालांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा सोडियमची नसून एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी, हा तर्क लॉकयरने नंतर मांडला. आणि पृथ्वीवर हे मूलद्रव्य, म्हणजेच हेलियम, हाती लागले ते १८९५ साली, विल्यम रॅम्से याच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे दाखवतात, ते कुठून आले? लॉकयर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने आपला तळ याच किल्ल्यात ठोकला होता आणि ‘मेलपोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी दुर्बिणी उभारण्यापासून वेळ मोजण्यापर्यंतच्या कामांत त्याच्या हाताखाली होते. तोवर तो जगप्रसिद्ध झाला होता, ‘नेचर’ हे विज्ञान-साप्ताहिक काढून त्याला जवळजवळ तीन दशके होत आली होती आणि हेलियमचा शोधकर्ता म्हणूनच लोक त्याला ओळखत होते. शोधाचे साल आणि शोधकर्त्याच्या भेटीचे ठिकाण यांची सांगड लोकांच्या बोलण्यात आपोआप बसली असावी, असे माझे मत आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपला स्वतंत्र तळ घेऊन बसले होते. तेव्हा प्रश्न ‘१८९८ च्या ग्रहणासाठी महाराष्ट्रात कोणी कुठे तळ ठोकला होता’ असा फिरवला, तर एका भारतीय शास्त्रज्ञाचे विसरलेले नावही श्रोत्यांपर्यंत जाईल. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे तसूभरही कमी होत नाही.

अशा गोष्टी निवडताना मी एकच सोपी परीक्षा लावतो: सांगितलेला माणूस सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या जागी असणे शक्य होते का? या एवढ्या एका प्रश्नाने कोकणातील निम्म्या आख्यायिका गळून पडतात आणि उरलेल्या अधिकच नवलाच्या वाटू लागतात. दुसरे एक निरीक्षण असे, की जाणारे-येणारे कोणी वाऱ्याने, कोणी सक्तीने, कोणी व्यापाराने या किनाऱ्याला लागले आणि त्यांतले काही येथेच राहिले. कोकणातील चमत्कारिक वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींचे मूळ तेथे सापडते.

किल्ल्यांच्या नावांपासून सुरुवात करता येईल. सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोटचा हिम्मतगड इंग्रजांनी १७५५ साली घेतला आणि त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. श्रोत्यांपैकी बहुतेकांना हे नाव राणीवरून पडले असे वाटते. पण राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ सालचा आहे, म्हणजे किल्ल्याचे नाव राणीपेक्षा सहा दशकांनी जुने आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. त्या मोहिमेत आरमाराचा प्रमुख ॲडमिरल वॉटसन होता आणि जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे होते. हीच जोडी वर्षभराने बंगालमध्ये गेली आणि प्लासीची लढाई घडली. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले, त्याची सुरुवात ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजाला लागलेल्या आगीतून झाली. आणि हे जहाज मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचेच होते, तुळाजींनी काही वर्षांपूर्वी ते पकडून आपल्या ताफ्यात घेतले होते. पुढे करारानुसार विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. सिंधुदुर्गालाही असेच एक परके नाव काही काळ चिकटले होते: १७६५ साली तो इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, पण लवकरच त्यांना तो करवीरकरांना (कोल्हापूरच्या छत्रपतींना) परत द्यावा लागला.

सिंधुदुर्गाबद्दल विचारायचेच असेल, तर शिवाजी महाराजांच्या हाताच्या आणि पायाच्या ठशांपेक्षा श्री शिवराजेश्वर मंदिरातील त्यांच्या मूर्तीबद्दल विचारावे. राजाराम महाराजांच्या काळातील मानल्या जाणाऱ्या या मूर्तीच्या चेहऱ्यावर दाढी नाही आणि डोक्यावर नेहमीच्या जिरेटोपाऐवजी कोळी लोकांच्या टोपीशी मिळतेजुळते शिरस्त्राण आहे. चित्रांतून आणि पुतळ्यांतून शिवाजी महाराजांची जी छबी आपल्या मनात बसलेली आहे, तिच्याहून ही इतकी वेगळी आहे की मंदिरात उभे राहूनही कित्येकांना ती मूर्ती कोणाची आहे हे सांगावे लागते.

माझ्या दृष्टीने या साऱ्या संग्रहातील सर्वांत रंगतदार गोष्ट अलिबागजवळच्या चौलची आहे आणि तिच्यावर एक अख्खी फेरी बेतता येईल. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली उतरला, हे शाळेतच पाठ होते; पण त्याच्या सुमारे पाव शतक आधी, साधारण १४६९ च्या सुमारास, रशियातील त्वेर या शहरचा अफानासी निकितिन हा व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलच्या बंदरात उतरला. बरोबर त्याने विकण्यासाठी एक उमदा घोडा आणला होता, कारण बहमनी राज्यात घोड्यांना मोठी किंमत येते असे त्याने ऐकले होते. चौलला उतरल्यावर त्याने जे टिपून ठेवले त्यात येथील लोक जवळजवळ उघडेच वावरतात, बायका डोके झाकत नाहीत, आणि आपण गोरे असल्यामुळे जाऊ तेथे माणसांचा घोळका मागून येतो, असे उल्लेख आहेत. पालीमार्गे तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्यात तेथेच अडकला. हा मनुष्य मुसलमान नसून ख्रिस्ती आहे, हे कळल्यावर जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा मिळतील, असे त्याला सांगण्यात आले. एका खुरासानी ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. निकितिन पुढे बिदरपर्यंत गेला, पण परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत मरण पावला. त्याच्या वह्या मात्र पोहोचल्या.

यात प्रश्नमंजुषेला लागणारे सर्व काही आहे. साहित्याच्या फेरीसाठी त्याचे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे टिपण आहे, ज्याची हस्तलिखित प्रत १९ व्या शतकात इतिहासकार करामझिन याने उजेडात आणली. चित्रपटांच्या फेरीसाठी १९५७ चा ‘परदेसी’ आहे: ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी मिळून दिग्दर्शित केलेला हा भारत आणि सोव्हिएत संघ यांचा संयुक्त चित्रपट याच निकितिनवर होता आणि त्यात नर्गिस व बलराज साहनी यांच्या भूमिका होत्या. आणि स्थळांच्या फेरीसाठी रेवदंडा आहे, जेथे एका शाळेच्या आवारात निकितिनच्या स्मरणार्थ स्तंभ उभारलेला आहे. समुद्रावर जाणाऱ्या पर्यटकांपैकी क्वचितच कोणी तो पाहायला वळतो.

रेवदंड्यापर्यंत आलाच आहात, तर खाडी ओलांडून कोर्लईला जावे. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून निपजलेली एक मिश्र बोली बोलतात. त्यांच्या तोंडी तिचे नाव ‘नौ लिंग’ असे आहे. १७४० साली चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, पण ही बोली गेली नाही. आजूबाजूला सर्वत्र मराठी असताना, हजाराच्या आसपास माणसांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती जिवंत ठेवली आहे.

अलिबागबद्दल दोन गोष्टी सांगतो आणि त्या एकत्रच विचाराव्यात, कारण एक दुसरीचे परस्पर उत्तर आहे. ‘अलिबागहून आला आहेस का?’ हा टोमणा हिंदी चित्रपटांनी आणि मुंबईच्या बोलीने इतका रूढ केला, की त्यावर बंदी आणावी अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. विनोद सर्वच समाजांवर होतात, मनावर घेऊ नये, अशा अर्थाने न्यायालयाने ती फेटाळली. आता दुसरी गोष्ट. ज्या शहरातून हा टोमणा मारला जातो, त्या शहराला विजेच्या ट्राम सुरू करायच्या होत्या तेव्हा आपली भूचुंबकीय वेधशाळा याच अलिबागला हलवावी लागली होती. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १८४० च्या दशकापासून चालू होत्या. १८५९ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी आलेल्या महाभयंकर सौर वादळाची कुलाब्यात घेतलेली नोंद आजही जगभरातील अभ्यासक काढून पाहतात, कारण विषुववृत्ताच्या इतक्या जवळून त्या वादळाचे असे मोजमाप अन्यत्र मिळत नाही. ट्रामच्या विजेच्या प्रवाहामुळे या सूक्ष्म उपकरणांची मापे बिघडली असती. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वास्तू बांधण्यात आली, आणि ती बांधताना लोखंडाला पूर्ण मज्जाव होता: दगड पोरबंदरहून मुद्दाम निवडून आणला, कारण स्थानिक काळ्या दगडात चुंबकीय अंश असतो, आणि बिजागऱ्या-खिळे यांसाठी तांबे व पितळ वापरले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेतली गेली, जेणेकरून जुनी आणि नवी मालिका एकमेकींना बिनचूक जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. ट्राम १९६४ साली बंद पडल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

याच तालुक्यातील नवगाव हे बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटल्यावर वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली ते ठिकाण होय. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून आसपासच्या गावांत त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका कातळावरील खुणा म्हणजे प्रेषित एलियाच्या रथाच्या घोड्यांच्या टापा होत, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि नवस फेडण्यासाठी इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही तेथे येतात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्या चरित्रांवर मराठीतून कीर्तने रचली, पूर्वरंग-उत्तररंग सांभाळून. चित्रपटांच्या फेरीत ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा रंगवणारे याच समाजातील अभिनेते डेव्हिड यांचे छायाचित्र दाखवून त्यांचे आडनाव विचारावे, ते चेऊलकर होते, म्हणजे पुन्हा चौलच.

रत्नागिरीच्या थिबा राजाबद्दल मी सहसा प्रश्न घेत नाही, कारण दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीला, ही अदलाबदल आता सर्वांना पाठ झाली आहे. घ्यायचाच असेल तर मृत्यूनंतरचा भाग घ्यावा. राजा डिसेंबर १९१६ मध्ये वारला, पण त्याचे दफन झाले ते १९१९ साली. देह मायदेशी नेण्याची परवानगी मिळावी म्हणून राणी सुपायालत अडून राहिली होती आणि इंग्रज सरकार तयार होत नव्हते. तोवर शवपेटी रत्नागिरीतच ठेवलेली होती. रत्नागिरीच का निवडली, याचे उत्तर कोकणी माणसाला सांगावे लागत नाही: आगगाडी नव्हती आणि पावसाळ्याचे चार महिने आगबोटही बंद असे. आगगाडी पुढे आली तीसुद्धा राजाच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी.

साहित्याच्या फेरीसाठी गोव्याकडे जरा सरकावे लागेल. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला, पण तो गोव्यासाठी पाठवलेलाच नव्हता. पोर्तुगालहून तो ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेल्या जेझुइट पाद्र्यांबरोबर होता. पुढचा प्रवास अडला आणि यंत्र गोव्यातच राहिले. त्या मुद्रणपरंपरेतून १६१६ साली राचोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. फादर थॉमस स्टीफन्स या विल्टशरच्या इंग्रजाने, जो १५७९ मध्ये गोव्याला आला होता, मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. मराठीला हिऱ्याची उपमा देणारी त्याची ओवी आपण शाळेत पाठ करतो, पण तो ग्रंथ प्रथम छापला गेला तो रोमन लिपीत, ही गोष्ट विचारली की मराठीचे प्राध्यापकही क्षणभर थबकतात. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

खेळांची फेरी असेल तर सावंतवाडीचा गंजिफा घ्यावा. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पाने आणि दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शीचे पान मोठे आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा, हे लक्षात ठेवण्यातच नवख्याचा जीव मेटाकुटीला येतो. शिवाय डाव दिवसा मांडला तर उतारी रामाच्या राजाकडे आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाकडे. हा प्रश्न तोंडी विचारण्यापेक्षा पाने हातात देऊन विचारावा.

पक्ष्यांची आवड असलेल्यांसाठी एक छोटी नोंद: सुगरण पक्ष्याचा नर अर्धवट घरटी विणतो, मादी ती पाहून पसंत करते, आणि ती अंडी घालायला बसली की नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हा शोध सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला लावला.

शेवटची फेरी दापोली तालुक्यासाठी राखून ठेवावी, असे मी सुचवीन. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात, कुंभार्लीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत गेले. आणि तेथील साहेबांनी ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आत्मवृत्तात लिहिली आहे. ज्या माणसाचे वय कोणी खरे मानले नाही, त्याच्या वयाची शंभर वर्षे १९५८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा त्याला भारतरत्न मिळाले आणि त्याच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. स्वतंत्र भारतात हयात व्यक्तीचे चित्र तिकिटावर येण्याची ती पहिली वेळ होती. त्यांचेच आप्त, शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले. सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात झळकल्या आणि पुढे संततिनियमनाच्या प्रचारात, धोंडो केशवांचे पुत्र र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने, उतरल्या. आणि शकुंतलाबाईंच्या कन्या म्हणजे ‘चश्मे बद्दूर’च्या दिग्दर्शिका सई परांजपे. हा प्रश्न विचारताना चित्रपटापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जात मुर्डीपर्यंत यावे. गाव आधी सांगितले, तर दापोलीचा संघ पहिल्याच इशाऱ्याला उत्तर देतो आणि बाकीचे संघ हात चोळत बसतात.